शेततळ्यातील पाणी कोणाचे?

शिरवण्यात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची गावे मराठवाड्यात, विदर्भात आहेत. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प १५ जिल्ह्यांत सुरू झाला. वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवून पीक तगवावे, हा हेतू रास्तच होता. परंतु तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घातले की पाणी मुरत नाही; आणि अनेक ठिकाणी अशी तळी पावसाने नव्हे, विहिरी-कूपनलिकांतून उपसून भरली जातात. ३० मीटर लांब-रुंद व ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. भूगर्भातील सामाईक पाणी असे एकाच्या बांधात येते, त्यातील काही उन्हाने उडूनही जाते. ज्यांना ना शेत ना विहीर, त्यांच्या वस्तीचा हातपंप मग कोरडा पडतो.

यावरचा उपाय प्रकल्पातच आहे: आयआयटी मुंबईच्या साहाय्याने आखलेला गावाच्या पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती, मुरले किती, पिकांना लागणार किती, हे त्यात मांडले जाते. मात्र तो दप्तरात राहून चालणार नाही. चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. पाणी ओंजळीत आले २० मार्च १९२७ रोजी. सुट्टीत गावी गेलात की ग्रामसभेत ताळेबंद मागा, आणि नवे तळे कशाने भरणार, हेही विचारा.