हलकं फ्लायव्हील बसवायचं का? आधी बीडच्या रस्त्यांचा हिशोब बघू

ज्यांना आत्ता इअरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

आजचा प्रश्न असा: स्पोर्ट्स कार किंवा जोरदार पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज रस्त्यावरच चालते, ट्रॅकवर कधी जात नाही. तिला हलकं फ्लायव्हील बसवायचं का? रील्समध्ये तर सांगतात की बसवलं की गाडी नुसती सुटते. एमएच-२३ किंवा एमएच-४४ पाटीच्या गाडीसाठी हे कितपत खरं, ते बघू.

फ्लायव्हील करतं काय?

गावाकडं हाताने फिरवायची कडबा कुट्टी पाहिली असेल. तिचं ते मोठं, जड चाक आठवा. एकदा ते फिरायला लागलं की पेंढी आत गेली तरी अडकत नाही, कारण चाकात साठलेला जोर पातं पुढं ओढतो. चाक हलकं असतं तर दर पेंढीला हात थांबला असता.

गाडीतही तेच. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. दोन स्फोटांच्या मधे इंजिन फिरतं ठेवायचं काम फ्लायव्हीलचं. ते क्रँकच्या टोकाला बसतं आणि क्लच प्लेट त्यालाच चिकटते.

हलकं केलं की काय मिळतं?

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पॉवर वाढत नाही. इंजिन जेवढी ताकद तयार करतं तेवढीच करतं. फक्त स्वतःचं चाक फिरवण्यात कमी ताकद जाते, म्हणून आरपीएम पटकन चढतो आणि पटकन उतरतो.

आता आकडे. समजा मूळ फ्लायव्हील ८ किलोचं, त्रिज्या १३ सेंटीमीटर. त्याजागी त्याच मापाचं ४ किलोचं बसवलं. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन साधारण १४ वेळा फिरतं असं धरलं, तर वेग घेताना गाडीतून जवळपास ७४ किलो उतरवल्यासारखं वाटेल. म्हणजे एक मोठा माणूस! पण पाचव्या गिअरमध्ये, जिथे इंजिन फक्त ३.२ वेळा फिरतं, तोच फायदा ४ किलोवर येतो. म्हणजे धुळे-सोलापूर हायवेवर पाचव्यात ओव्हरटेक करताना फरक जवळजवळ शून्य.

मग जातं काय?

साठलेला जोर जातो. वरच्या उदाहरणात तो सरळ निम्मा होतो. आणि तो लागतो नेमका कुठं? क्लच सोडताना.

आपल्या रस्त्यांवर बघा. आठवडी बाजारात पावला-पावलाने सरकायचं. गावागावात स्पीड ब्रेकर. थंडीत समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकांच्या रांगेत चढावर थांबायचं आणि पुन्हा उठायचं, एसी चालू, मागे चिकटून दुसरा ट्रक. इथं हलक्या फ्लायव्हीलची गाडी जरा चुकलं की बंद पडते. न पडावी म्हणून तुम्ही जास्त रेस देता, हाफ क्लचवर धरता, आणि क्लच प्लेट जळते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये जो फायदा होता, तो तिथंच खर्च होतो.

शिवाय काही गाड्यांत ड्युअल-मास फ्लायव्हील असतं. त्याच्या आतल्या स्प्रिंगा इंजिनचे झटके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. ते काढून साधं हलकं बसवलं की न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडायला लागतो.

लेथवर कातून घेऊ नका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ‘नवीन कशाला, आहे तेच लेथवर कातून देतो’ असं कुणी म्हटलं, तर तिथून निघा.

मूळ फ्लायव्हील बऱ्याचदा बिडाचं असतं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. (आपल्या जिल्ह्याशी फक्त नावाचं नातं!) बीड दाब सहन करतं, ताण नाही. आणि ६,५०० आरपीएमला त्या १३ सेंटीमीटरच्या चाकाची कड ताशी जवळपास ३२० किलोमीटरने फिरत असते. कातून पातळ केलेल्या चाकाला तडा गेला तर तुकडे गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येऊ शकतात, आणि त्याच्या पलीकडे तुमचे पाय असतात. फुटलं नाही तरी, कडेला फक्त १० ग्रॅमचा असमतोल राहिला तर त्याच वेगाला क्रँकवर सुमारे ६० किलोचा ओढा बसतो.

तरीही बसवायचंच असेल तर

- घडीव स्टीलचं, तुमच्याच इंजिनसाठी बनवलेलं घ्या. एसएफआय १.१ हे या भागांचं सुरक्षा मानक, ते आहे का विचारा.
- फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्या.
- गिअरबॉक्स उतरणारच आहे, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी तपासा. बोल्ट नवे, आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे.
- काही गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दात वाचतो. ते जुळले नाहीत तर गाडी चालूच होणार नाही.
- फार टोकाला जाऊ नका. वजन निम्मं करण्यापेक्षा थोडं कमी केलेलं चाक रोजच्या गाडीला मानवतं.
- गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. असा बदल केल्यावर क्लच-गिअरबॉक्सचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

मग निर्णय काय?

ट्रॅकवर किंवा रॅलीत, जिथे सतत खालच्या गिअरमध्ये आणि वरच्या आरपीएमला गाडी पळते, तिथे हलकं फ्लायव्हील कामाचं. पण गाडी बीड-केज-अंबाजोगाई अशी रोज धावत असेल, तर तेच पैसे चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ठणठणीत क्लचवर लावा. रोजच्या रस्त्यावर त्याचा उपयोग जास्त होईल.

तुमच्या गाडीत कुठलं फ्लायव्हील आहे, सिंगल की ड्युअल-मास? मेकॅनिकला विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!