डोंगरवाटेवरचे पंक्चर

डोंगरात सायकलची हवा जाते ती मुख्यतः दोन कारणांनी. बाहेरून काहीतरी टोकदार टायर भेदून आत शिरते, नाहीतर दगड आणि रिम यांच्या कचाट्यात सापडून ट्यूब आतल्या आत चिरली जाते. दोन्ही वेळा टायर सारखाच बसतो, पण उपाय वेगळे लागतात. म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी जुनीचे काय झाले ते पाहणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. एकाच फेरीत दुसऱ्यांदा हवा जाते, तेव्हा बहुतेक वेळा पहिले कारण टायरमध्ये तसेच राहिलेले असते.

दख्खनच्या पठारावर काट्यांना तोटा नाही. बांधावर टाकलेल्या बाभळी-बोरींच्या फेसाट्या वाळून तुटतात आणि पायवाटेवर येतात. बाभळीचा सरळ पांढरा काटा चांगल्या जाड टायरमधूनही आरपार जातो. घाटमाथ्यावर कापलेल्या कारवीचे टोकदार खुंट लागतात. सगळ्यात फसवा मात्र सराटा, म्हणजेच काटे गोखरू. जमिनीसरशी पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल दिसते नाजूक. पण तिचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर रोखलेलाच राहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वनस्पती कॅलिफोर्नियात पोचली आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातील सायकलस्वारांनाही तिने हैराण केले. तिला आवरण्यासाठी १९६१ मध्ये इटलीहून दोन जातींचे सोंडकिडे आणून तिथे सोडावे लागले.

ट्यूब चिरण्याचे मूळ मात्र कमी हवेत असते. माउंटन बाइकिंगचा खेळ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर रुजला. रुंद टायर आणि त्यात बेताची हवा हे तेव्हापासून या सायकलीचे सूत्र आहे, कारण मऊ टायर दगडमातीला धरून राहतो. पण हवा फारच कमी असेल, तर कातळाच्या धारेवर आदळताच टायर पूर्ण दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. अशा दोन खुणा दिसल्या की काटा शोधण्यात वेळ घालवू नये. पुढच्या खेपेस हवा थोडी वाढवावी. ट्यूब असलेल्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआयच्या आसपास हवा ठेवून सुरुवात करावी, मग वजन, टायरची रुंदी आणि वाट पाहून कमी-जास्त करावी.

हवा गेल्याचे कळताच थांबावे. बसलेल्या टायरवर थोडे अंतर जरी सायकल रेटली, तरी ट्यूब फाटते आणि रिम वाकू शकते. मागून येणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला व्हावे. मागचे चाक काढायचे असेल तर आधी साखळी सर्वांत लहान चक्रावर आणावी, म्हणजे चाक सहज निघते आणि परतही बसते. लांब उतारानंतर डिस्क चटका बसण्याइतकी तापलेली असते. तिला हात लावू नये, तेलकट बोटे तर मुळीच नकोत. चाक बाहेर असताना हायड्रॉलिक ब्रेकचा दांडा दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही. यासाठी पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी. सायकल साखळीची बाजू वर करून आडवी ठेवली की गिअरला धक्का लागत नाही.

टायर काढताना जोरापेक्षा युक्ती जास्त उपयोगी पडते. उरलेली हवा पूर्ण सोडावी आणि दोन्ही बाजूंनी टायरची कडा दाबत दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी. तिथे रिमचा घेर कमी असल्यामुळे कडेला ढील मिळते आणि एक-दोन लिव्हरमध्ये टायर सुटतो. ट्यूब ओढून काढण्यापूर्वी टायरवरचे कंपनीचे नाव व्हॉल्व्हच्या कोणत्या बाजूला आहे, ते लक्षात ठेवावे. जाणकार टायर बसवतानाच ते नाव व्हॉल्व्हसमोर आणतात. त्याचा उपयोग पुढे होतो: ट्यूबमधले भोक व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर सापडले, तर टायरमध्येही तेवढ्याच अंतरावर काटा असणार. ट्यूब उलटसुलट झाली असेल तर दोन्ही बाजूंना पाहावे.

भोक शोधण्यासाठी ट्यूब चांगली फुगवून ओठांजवळ फिरवावी. बारीक झुळूकही ओठांना जाणवते. जवळ ओढा असेल तर प्रश्नच नाही. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर दोष आऱ्यांवरची पट्टी सरकल्याचा आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर पॅच टिकत नाही, ट्यूब बदलावीच लागते. आता टायरचा आतला भाग तपासायचा. बोटे फिरवायची ती हळूच, कारण तुटलेल्या काट्याचे टोक बोटात जाते. कापडाचा तुकडा फिरवला तर टोकाला धागा अडकतो आणि जागा कळते. एक काटा सापडला म्हणून थांबू नये, पूर्ण फेरी करावी. बाभळीचे काटे जोडीने येतात.

वाटेत बहुतेक जण नवी ट्यूब घालून पुढे जातात, आणि ते योग्यच आहे. पॅच लावायची वेळ आली, तर भोकाभोवतीची जागा घासकागदाने खरवडून सोल्यूशनचा पातळ थर पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पसरावा आणि तो सुकू द्यावा. घाई नडते ती इथे. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच निसटतो. काही मिनिटांनी थर कोरडा दिसू लागल्यावर दाबून बसवलेला पॅच ट्यूबच्या रबराशी एकजीव होतो. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही आठवड्यांत आतल्या आत वाळते, म्हणून पिशवीत न उघडलेली नळी असावी.

ट्यूब परत घालताना तिला आकार येण्यापुरती हवा भरावी, म्हणजे ती पिळली जात नाही. टायरवरील बाणाची दिशा पाहावी. कडा बसवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवावे. शेवटचा घट्ट भाग अंगठ्यांनीच आत लोटावा. लिव्हर घातला तर नव्या ट्यूबला चिमटा बसतो. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढावा आणि कडेखाली ट्यूब कुठे अडकलेली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी बघून मगच पंप लावावा.

टायरची बाजू धारदार दगडाने फाटली असेल तर चिरेतून ट्यूब फुगा होऊन बाहेर येते. अशा वेळी जुन्या टायरचा पातळ तुकडा किंवा फळांच्या रसाच्या खोक्याचा पुठ्ठा आतून लावतात. त्यावर घरी पोचता येते, तो टायर पुन्हा डोंगरात नेऊ नये.

आता अनेक सायकली ट्यूबलेस असतात. फ्रान्सच्या मॅव्हिक कंपनीने १९९९ मध्ये माउंटन बाइकसाठी यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत बाजारात आणली. टायरमधले सीलंट हे बहुधा रबराच्या चिकाचे द्रावण असते आणि त्यातले बारीक कण काट्याचे भोक क्षणात बुजवतात. काट्यांच्या मुलखात या सोयीला तोड नाही. मात्र सीलंट काही महिन्यांत सुकते, उन्हाळ्यात आणखी लवकर, आणि सुकलेले सीलंट कसलेच संरक्षण देत नाही. हवा जात नसेल तर रुतलेला काटा वाटेत उपटू नये. हवा जात असेल तर भोक खाली येईल असे चाक फिरवून ठेवावे. तेवढ्याने भागले नाही तर चिकट रबरी वात सुईने आत खुपसावी. तीही निकामी ठरली, तर व्हॉल्व्ह काढून साधी ट्यूब घालायची. त्याआधी टायरमध्ये साचलेले सगळे काटे काढायलाच हवेत. सीलंटने महिनोन्महिने झाकून ठेवलेले ते काटे ट्यूबला पहिल्याच फेऱ्यात भोके पाडतात.

हवा भरण्यासाठी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी मिळतात. काम झटपट होते, पण नळकांडे गोठल्यासारखे गार पडते, त्यामुळे हातमोजा हवा. हा वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून घरी आल्यावर टायर पुन्हा पंपाने भरावा. नळकांडी संपतात, पंप संपत नाही. गावातल्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. त्यावर चढवायचे छोटे पितळी अडॅप्टर जवळ असले की अडचण सुटते. ट्यूब घेतानाही व्हॉल्व्ह पाहावा, कारण मोटारसायकलसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्ह प्रेस्टाच्या अरुंद छिद्रात जात नाही. मापात मात्र थोडी सूट आहे: २९ इंची चाकात अडीअडचणीला २७.५ इंची ट्यूब चालते.

ट्यूब आणि पॅच दोन्ही संपले, तर भोकाच्या जागी ट्यूब कापून दोन्ही टोकांना घट्ट गाठी मारता येतात. थोडी हवा टिकते, चाक धक्के खाते, पण फिरते. तेही जमले नाही तर टायरमध्ये गवत ठासून भरतात; जितके दाबून भरावे तितके चांगले. अशा चाकावर सपाटीला हळू जावे, उतारावर सायकल ढकलत न्यावी, आणि गवत पुढच्या चाकात भरलेले असेल तर सपाटीलाही पायीच चालावे.