खाऱ्या पाण्याची नवी टाकी : लक्षण आणि उपाय

टाकी भरली की लगेच मासे सोडू नका. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

● मासे वर येऊन धापा टाकतात : अमोनिया, नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य हवेत. पाव टाकी पाणी बदला, हवा वाढवा, खाणे कमी करा.

● अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके : बहुधा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. मासा वेगळ्या टाकीत हलवा. तांबेयुक्त औषध मुख्य टाकीत नको; कोळंबी, प्रवाळ मरतात.

● वाळूवर तपकिरी थर : डायटम. पाण्यातले सिलिकेट संपले की बहुधा आपोआप ओसरतो.

● हिरवे केसाळ शेवाळ : नायट्रेट, फॉस्फेट जास्त. दिव्याचे तास घटवा, आरओचे पाणी वापरा.

● लालसर बुळबुळीत पापुद्रा : हे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. नळीने ओढून काढा, पाण्याचा प्रवाह वाढवा.

लक्षात ठेवा : वाफ होऊन घटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करा, मीठ टाकीतच उरलेले असते. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ दरम्यान राखा.