आवाज नेमका टिपायचा कसा?

जत्रेत पाळणे करकरत असतात, पिपाण्या वाजत असतात, फेरीवाले ओरडत असतात. तरी शेजारचा सोबती काय म्हणतो ते आपल्याला कळते. याचे कारण, कानामागे मन असते. नको ते मन बाजूला सारते. मायक्रोफोनला मन नाही. जो आवाज मोठा, तोच त्याच्या दृष्टीने खरा.

हे मी पुस्तकात वाचले होते. पण शिकलो ते एका अंगणात. आमच्या गावच्या एका वृद्ध बाईंच्या जात्यावरच्या ओव्या मी कॅमेऱ्याने टिपल्या. कॅमेरा पाच पावलांवर, मायक्रोफोन त्याच्या अंगातलाच. घरी येऊन ऐकतो तो काय! वारा फडफडतो आहे, विहिरीवरचा पंप घुमतो आहे, आणि ओव्या त्यात बुडून गेल्या आहेत. पुन्हा जाऊ म्हटलं. त्याच पावसाळ्यात बाई गेल्या. त्यांचे चित्र माझ्यापाशी आहे, ओव्या नाहीत.

आज पुष्कळ शिक्षक आपल्या धड्यांचे व्हिडिओ स्वतः तयार करतात. तरुण मंडळी लघुपट काढतात, व्लॉग करतात. दुकानात गेले की त्यांच्यापुढे कॅमेऱ्यावर बसवायचा ‘शॉटगन’ मायक्रोफोन येतो. तो घ्यावा का, आणि कोणता घ्यावा?

आधी तो काम कसे करतो ते बघा. बंदुकीच्या नळीसारखी त्याची नळी असते आणि तिच्या कडांना फटी असतात. समोरून आलेला आवाज नळीतून सरळ पडद्यावर पोहोचतो. बाजूचा आवाज मात्र निरनिराळ्या फटींतून शिरतो, थोडा पुढेमागे पोहोचतो, आणि त्याच्या लहरी एकमेकींना मारून टाकतात. अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनीचे हॅरी ऑल्सन यांनी अशा नळ्यांच्या मायक्रोफोनवरील निबंध १९३९ साली प्रसिद्ध केला होता. म्हणजे कल्पना काही नवी नव्हे.

पण या युक्तीला मर्यादा आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सेकंदाला १०० कंपनांच्या घुमणाऱ्या आवाजाची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. वीतभर नळी तिला काय अडवणार? म्हणून पंपाची घरघर केवळ नळीने जात नाही. त्यासाठी मायक्रोफोनवर खालचे सूर कापणारे बटण असावे. निवड करताना हे पहिले पाहा.

दुसरा गैरसमज असा, की हा मायक्रोफोन म्हणजे आवाजाची दुर्बीण. तसे नाही. तो लांबचा आवाज जवळ आणत नाही. बाजूचा थोडा कमी करतो, इतकेच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबलची घट. अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर गेलात की चौथा हिस्साच उरतो. कॅमेरा हातात धरून स्वतः बोलणाऱ्याला, हातभर अंतरावर, कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन पुरतो. लघुपट काढणाऱ्याने लांब वायर घ्यावी, मायक्रोफोन काठीला बांधावा आणि चौकटीबाहेरून बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरावा. महागड्या मायक्रोफोनपेक्षा ही काठी अधिक उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट वारा. सोबत येणारी स्पंजची टोपी घरात ठीक. माळावर केसाळ टोपीच हवी. चौथी, रबरी झोळी. मायक्रोफोन तिच्यात लोंबता असला म्हणजे कॅमेऱ्यावरील बोटांची खुडबुड त्यात उतरत नाही.

पाचवी गोष्ट जोडणीची. कॅमेऱ्याला मायक्रोफोनचे भोक आहे ना, हे आधी तपासा, सगळ्यांना नसते. कॅमेऱ्याच्या पिनेवर बहुधा दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलच्या गोल पिनेवर तीन. नव्या पुष्कळ मोबाइलना गोल भोकच नसते. चुकीची वायर लावली तर मायक्रोफोन मुका राहतो आणि दोष त्याच्यावर जातो. काही मायक्रोफोन कॅमेऱ्याकडूनच वीज घेतात, काहींना बॅटरी लागते. बॅटरीवाल्यांत आवाज २० डेसिबलने वाढवण्याची सोय पुष्कळदा असते. तो मायक्रोफोनवर वाढवावा आणि कॅमेऱ्यावर कमी करावा, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची सरसर कमी ऐकू येते. माहितीपत्रकात मायक्रोफोनच्या स्वतःच्या खरखरीचा आकडा दिलेला असतो. तो जितका लहान तितका बरा.

आणि शिक्षकांसाठी खास एक सूचना. उघड्या भिंतींच्या, पत्र्याच्या छपराच्या वर्गात प्रतिध्वनी चहूकडून येतो. तिथे नळीचा मायक्रोफोन आवाज डब्यातल्यासारखा करतो. अशा ठिकाणी सदऱ्याला लावायचा छोटा मायक्रोफोनच घ्या. खाली सतरंज्या अंथरा, भिंतींवर गोधड्या टांगा.

शेवटी एकच सांगतो. कानाला हेडफोन लावून जागेवरच ऐका. एक मिनिट टिपा, ऐका, मगच पुढे चला. त्या दिवशी मी ते एक मिनिट काढले असते, तर बाईंना म्हटले असते, “आजी, थोडं आत बसू या का?” आणि ओव्या राहिल्या असत्या.