नावांच्या जागी प्रश्नचिन्हे का येतात?



गेल्या गणेशोत्सवातले नावाचे बिल्ले आठवतात ना? काळे, गोरे आणि जोशी या तिन्ही घरांना एकच आडनाव मिळाले होते: "????". सगळे पोट धरून हसले. पण बिल्ल्यांचा प्रोग्राम माझा होता आणि घरी जाऊन पाहतो तर सभासद यादीतली देवनागरी नावेच पुसली गेलेली! असे का झाले, ते थोडक्यात सांगतो. आपली बरीच मुले हल्ली शाळेतच पायथॉन शिकतात, त्यांनाही उपयोग होईल.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून 'काळे' म्हणजे क, काना, ळ, मात्रा अशी ४ चिन्हे. 'गोरे' आणि 'जोशी' यांचीही ४-४च. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे 'काळे'ला १२.

बिघाड दोन प्रकारचा असतो.

१) नावाऐवजी डझनभर चित्रविचित्र रोमन अक्षरे दिसतात. घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकतो आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडली की हे होऊ शकते. फाइल सेव्ह न करता बंद करा. मग 'डेटा' मेनूतून आयात करा आणि ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

२) प्रश्नचिन्हे दिसतात. हे गंभीर असू शकते. मी यादी नव्या डेटाबेसमध्ये हलवली तेव्हा नावाचा रकाना 'लॅटिन-१' राहिला होता. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाजागी एक '?' साठवला गेला. मायएसक्यूएलमध्ये 'हेक्स' वापरून तपासा. 'ई०'ने सुरू होणारे बाइट दिसले तर नाव सुखरूप आहे, फक्त जोडणीची मांडणी चुकली आहे. '३एफ ३एफ' दिसले तर नाव गेले.

तेव्हा तीन गोष्टी पाळा. रकाना आणि जोडणी दोन्हीकडे 'यूटीएफ८एमबी४' ठेवा. मायएसक्यूएल ८.० पासून (२०१८) सर्व्हरवर तेच मूळ मूल्य आहे, पण जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिहा. आणि यादी हलवण्याआधी 'कुऱ्हाडे'सारखे एखादे नाव टाकून, परत वाचून पाहा. तोवर जुनी प्रत पुसू नका. मी पुसली होती!

आमची नावे परत मिळाली ती एका काकूंनी जपून ठेवलेल्या कागदी अर्जांमुळे. दोन शनिवार बसून आम्ही ती पुन्हा टंकली. यंदाच्या बिल्ल्यावर तुमचे नाव काना-मात्रेसह असेल, हा शब्द देतो.