काडतुसाचं तोंड मिटताना

काडतुसात गोळी बसवून झाली की शेवटचं काम उरतं ते पितळी केसचं तोंड मिटवण्याचं. त्यालाच क्रिंप म्हणतात. हँडलच्या एका दाबात होणारं हे काम. पण घरी काडतुसं भरणारे दोघे जण एकत्र आले की टेपर क्रिंप करावा की रोल, यावर बोलणं रंगतंच. माझ्या मते वाद बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. गोळी क्रिंपने धरलेली असते, असं गृहीत धरूनच माणसं बोलतात. पिस्तुलाच्या काडतुसात गोळीला खरी धरते ती केसची भिंत. साइझिंग डायमधून केस गोळीपेक्षा किंचित लहान करून घेतलेली असते आणि तिच्यात गोळी दाबून बसवतात. ती पकड ढिली असेल तर वरून कितीही क्रिंप केला तरी भरपाई होत नाही.

हे मी ओहायोत शिकलो. माझे शेजारी आयुष्यभर टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेले. दर उन्हाळ्यात ते ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला पिस्तुलाच्या राष्ट्रीय स्पर्धांना जातात. तिथे या स्पर्धा १९०७ पासून भरतात. पन्नास यार्डांवरचं लक्ष्य एका हाताने वेधायचं, तर प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं, म्हणून ते स्वतः भरतात. स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माझं बालपण पुण्यात खडकीला गेलं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या भिंतीकडेने वर्षानुवर्षं ये-जा करूनही काडतुसाच्या तोंडाशी इतकं बारीक काम असतं याची मला कल्पना नव्हती.

शेजाऱ्यांच्या गराजमध्ये जाड ओकच्या बाकाला प्रेस बोल्ट केलेली आहे. दारू मोजताना ते बोलत नाहीत, आणि मोजमाप छापील मॅन्युअल उघडं ठेवूनच घेतात. क्रिंपची वेळ आली की मात्र मोकळेपणाने सांगतात. त्यांचं पहिलं विचारणं असं, की हे काडतूस चेंबरमध्ये कशावर अडतं?

नऊ मिलिमीटर आणि पॉइंट फोर फाइव्ह ऑटो ही दोन्ही काडतुसं केसच्या तोंडाच्या कडेवर अडतात. चेंबरच्या टोकाला एक बारीक पायरी असते, तिला ती कड टेकते. कड आत वळवून टाकली तर टेकायला काही उरत नाही. काडतूस हवं त्यापेक्षा पुढे सरकतं, फायरिंग पिनचा घाव प्रायमरवर पुरेसा बसत नाही. म्हणून इथे टेपर क्रिंप. गोळी सहज आत शिरावी म्हणून आधी तोंड थोडं फाकवलेलं असतं; ते पुन्हा सरळ करायचं, एवढंच त्याचं काम.

किती सरळ करायचं, याचा हिशेब कागदाच्या कपट्यावर मावतो. नऊ मिलिमीटरची जॅकेटवाली गोळी ०.३५५ इंचाची. तोंडाशी केसची भिंत साधारण ०.०११ इंच, दोन्ही बाजूंची मिळून ०.०२२. बेरीज ०.३७७. तोंडाचं मानक कमाल माप ०.३८०. म्हणजे कॅलिपरच्या पात्याची धार तोंडाच्या अगदी कडेवर धरली आणि ०.३७७-०.३७८ आलं, की झालं. इंचाच्या हजाराव्या भागाला पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये आम्ही ‘एक थाऊ’ म्हणायचो, तेवढ्यात हा सगळा खेळ आहे. मापायची जागा एक-दोन मिलिमीटर खाली सरकली तरी आकडा बदलतो, कारण नऊ मिलिमीटरची केसच मुळात बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत जाते.

त्याहून जास्त आवळलं तर? एकदा शिशाच्या गोळीवर त्यांनी मुद्दाम डाय जास्त खाली उतरवून दाखवली. मग तेच काडतूस पुलरच्या हातोडीत अडकवून बाकावर ठोकलं आणि गोळी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. कमरेला चांगला खोल वळ पडला होता. डायने दाब दिला तेव्हा पितळ आणि शिसं दोन्ही आत गेली. दाब सुटल्यावर पितळ थोडं मागे आलं, कारण त्याला लवचिकपणा असतो. शिसं दबलं ते दबलंच. दोघांत फट पडली. जास्त आवळल्याने पकड घट्ट होण्याऐवजी सैल झाली. तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या गोळीत तर तो मुलामाच कापला जातो आणि गोळी लक्ष्यावर आडवी आदळायला लागते. नवशिका माणूस काळजीपोटी जास्त आवळतो, म्हणून ही गोष्ट त्याला आधी दाखवायला हवी असं मला फार वाटतं.

सेमी-ऑटो पिस्तुलात काळजी असते ती गोळी आत ढकलली जाण्याची. मॅगझिनमधून वर येताना काडतुसाचं नाक उतारावर आपटतं. गोळी केसमध्ये जरा खोल गेली की दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. म्हणून शेजारी कॅलिपरने काडतुसाची लांबी घेतात, गोळीचं नाक बाकाच्या कडेवर अंगठ्याने जोर लावून दाबतात आणि पुन्हा मापतात. काटा हलला तर ते डायला हात लावत नाहीत. साइझिंग आणि तोंड फाकवण्याच्या पायऱ्या तपासायला जातात. मग सुटी काढलेली बॅरल हातात धरून चेंबरमध्ये काडतूस सोडतात. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा, आणि बॅरल उलटी केली की काडतूस आपल्या वजनाने खाली पडायला हवं.

रिव्हॉल्व्हरचं गणित याच्या उलट. पॉइंट थर्टी-एट स्पेशल आणि १९३५ साली आलेलं पॉइंट थ्री फिफ्टी-सेव्हन मॅग्नम, दोघांच्याही केसला बुडाशी बाहेर आलेला काठ असतो आणि काडतूस त्याच्यावर अडतं. तोंडाची कड मोकळी राहते. गोळीवर खाच असते आणि केसचं तोंड करंजीच्या मुरडीसारखं आत वळवून त्या खाचेत बसवतात. हा रोल क्रिंप. याची गरज धक्क्यामुळे पडते. एक गोळी सुटते, हत्यार मागे उसळतं, सिलिंडरमधल्या बाकीच्या केस काठाला धरून मागे ओढल्या जातात, पण जड गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. ढिली गोळी दरवेळी थोडी पुढे सरकते. ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरायचाच थांबतो.

रोल क्रिंपला केसची लांबी सारखी लागते. लांब केस जास्त वळते, आखूड केसला वळ पुरत नाही. फारच लांब असेल तर तोंडाखाली पितळ फुगतं आणि काडतूस चेंबरमध्ये जात नाही. टेपर क्रिंपला एवढं ट्रिमिंग लागत नाही, म्हणून घाईत असलेल्याला तो सोपा वाटतो. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं एकाच दाबात उरकणाऱ्या डाय मिळतात. मला त्या पटत नाहीत. गोळी अजून खाली सरकत असतानाच तोंड आत वळायला लागतं आणि शिशाची बारीक साल निघते. दोन कामं दोन डायवर करावीत, वेळ गेला तरी चालेल. कार्बाइडची रिंग असलेल्या ‘फॅक्टरी क्रिंप’ डायचं कौतुक खूप होतं. जॅकेटवाल्या गोळ्यांना ती ठीक. पण घरी ओतलेल्या, मुद्दाम किंचित जाड ठेवलेल्या शिशाच्या गोळीला ती बाहेरून दाबून बारीक करू शकते, आणि जाडी राखण्याचे सगळे कष्ट वाया जातात.

हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नऊ मिलिमीटरचं काडतूस घातलं की मात्र पाठ केलेला नियम कामाला येत नाही. काडतूस पिस्तुलाचं, क्रिंप टेपर, पण गोळी आता आत न जाता बाहेर यायला बघते. अशा वेळी शेजारी पाचच काडतुसं भरतात. त्यांतल्या एकावर खूण करून त्याची लांबी लिहून ठेवतात, बाकीची चार झाडतात, खुणेचं काढून पुन्हा मापतात. गोळी सरकली असेल तर आधी जास्त पकड देणारी साइझिंग डाय, मग हलकी गोळी, आणि त्यानंतरही गरज पडली तर क्रिंप एखादा थाऊ जास्त. लांबी स्थिर राहिली, की त्या डायचा चेकनट आवळून टाकतात.