आज्ञावलीचा ताबा

दस्तऐवज हाती असणे आणि जमिनीचा ताबा मिळणे या दोहोंमध्ये किती अंतर असते हे, ज्याने तलाठ्याच्या चावडीपासून दिवाणी न्यायालयापर्यंतची वाट एकदा तरी तुडवली आहे, त्याला निराळे सांगावे लागत नाही. खरेदीखत रीतसर नोंदलेले असते, चतुःसीमा लिहिलेल्या असतात, साक्षीदारांच्या सह्या असतात, आणि तरीही शेतात नांगर घालण्याची सोय नसते. ज्या संगणक-आज्ञावलींची मूळ संहिता, म्हणजे व्यवहारातला सोर्स कोड, सर्वांसाठी खुली असते, त्यांच्या वापरकर्त्याची अवस्थाही पुष्कळ काळ अशीच होती: परवान्याने त्याला ती संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि आपल्या यंत्रावर चालवण्याचा पूर्ण अधिकार दिलेला असे, परंतु त्या अधिकाराची अंमलबजावणी करावयाची कशी, हे ज्याचे त्याने पाहावयाचे. या अंमलबजावणीसाठी गेल्या पन्नास वर्षांत जी साधने निर्माण झाली त्यांच्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष जात नाही, कारण ती आपले काम उरकून बाजूला होतात. तथापि मुक्त सॉफ्टवेअर कागदावरून व्यवहारात आणण्याचे श्रेय, माझ्या मते, मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा त्यांच्याकडेच अधिक जाते.

माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली संहिता यंत्राला कळत नाही. कंपायलर नावाची दुसरी एक आज्ञावली तिचे यंत्रभाषेत रूपांतर करते. मोठी आज्ञावली एका फाइलीत मावत नाही, ती शेकडो, कधी हजारो फायलींत विभागलेली असते, आणि एका फाइलीत चार ओळी बदलल्या म्हणून साऱ्याच फायलींचे रूपांतर पुन्हा करणे हा निव्वळ अपव्यय होय. पण नेमक्या कोणत्या फायलींचे करावयाचे हे माणसाच्या स्मरणावर सोपवले, की घोटाळा ठरलेलाच. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये 1976 साली असाच एक प्रसंग घडला. तेथील संशोधक स्टीव्ह जॉन्सन आपल्या आज्ञावलीतील दोष शोधण्यात सबंध सकाळ घालवून बसले, आणि अखेर उलगडा झाला तो असा, की दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता, मात्र दुरुस्त फाइलीचे रूपांतर करावयाचे राहून गेल्यामुळे जुनाच दोषयुक्त भाग आज्ञावलीत जोडला जात होता. हा संताप त्यांनी ज्यांच्या खोलीत येऊन व्यक्त केला, त्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी आदल्याच संध्याकाळी तसलाच मनस्ताप भोगला होता. परस्परावलंबनाचे सांगोपांग विश्लेषण करणारे काही भारदस्त साधन रचावे अशी त्यांची प्रथम कल्पना होती. ती आटत आटत फारच साधी झाली, आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत 'मेक' तयार झाले. याच छोट्या साधनाबद्दल फेल्डमन यांना 2003 चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

मेकची युक्ती इतकी साधी आहे की ती प्रथम ऐकणाऱ्याला यात विशेष ते काय, असेच वाटावे. 'मेकफाइल' नावाच्या एका फेरिस्तीत लिहून ठेवावयाचे, की अमुक फाइल अमुक फायलींवरून बनते आणि ती बनवण्याची आज्ञा ही. मग मेक प्रत्येक फाइलीवर उमटलेली शेवटच्या बदलाची वेळ पाहते, आणि बनवलेल्या फाइलीपेक्षा तिची मूळ फाइल नंतरची असेल तरच आज्ञा पाळते, नसेल तर तिकडे ढुंकूनही पाहत नाही. ही वेळ चुकीची असेल, घड्याळ मागेपुढे झाले असेल, तर मेक निःसंशयपणे फसते. परंतु इतक्या अल्प सामग्रीवर इतके काम करणारे दुसरे साधन क्वचितच दाखवता येईल. मेकच्या एका कुरूपतेचाही उल्लेख केला पाहिजे. मेकफाइलीतील आज्ञेची ओळ टॅब या अदृश्य चिन्हानेच सुरू व्हावी लागते, आणि त्याऐवजी साध्या मोकळ्या जागा सोडल्या, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असूनही मेक काम नाकारते. ही खोड काढून टाकावी असे फेल्डमन यांच्या लवकरच मनात आले, परंतु तोवर या साधनाचे डझनभर वापरकर्ते झाले होते, त्यांतले बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी मोडणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्या डझनभर मित्रांच्या भिडेखातर पुढच्या पिढ्यांनी अदृश्य टॅब शोधण्यात किती रात्री घालवल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

मेकने एका यंत्रावरची व्यवस्था लावली. यंत्रे अनेक झाल्यावर निराळेच संकट उभे राहिले. ऐंशीच्या दशकात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या इतक्या शाखा-उपशाखा झाल्या, की एकीवर लिहिलेली संहिता दुसरीवर तशीच उतरेल याची शाश्वती उरली नाही. 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' रचले, आणि त्यातून निपजलेली 'कॉन्फिगर' ही आज्ञालिपी घरोघर पोहोचली. तिची रीत चौकशी अधिकाऱ्याची आहे: ती यंत्राचे नाव विचारून त्यावर विसंबत नाही, तर दोन-चार ओळींची चिमुकली आज्ञावली स्वतः लिहून ती कंपायलरकडे देते, आणि रूपांतर साधले तर 'आहे', न साधले तर 'नाही' असा दाखला नोंदवून पुढच्या प्रश्नाकडे वळते. नावापेक्षा वर्तनावर विश्वास ठेवण्याचे हे धोरण मला आजही अत्यंत सुज्ञ वाटते. मात्र प्रत्येक शिरस्त्याचे पुढे होते तेच याही शिरस्त्याचे झाले. 2012 साली पौल-हेनिंग काम्प यांनी एका टीकालेखात दाखवून दिले, की लिबटूल या साधनाची कॉन्फिगर लिपी 31 हजारांवर ओळींची झाली असून, ज्या पुरातन यंत्रांवर ती मुळी चालूच शकली नसती, त्यांच्यासाठीचे प्रश्नही ती अद्याप निष्ठेने विचारते आहे. अशाच कंटाळ्यातून सीमेक, मेसन यांसारखी सुटसुटीत साधने आली. त्यांच्या तुलनेत शिरण्याचे येथे कारण नाही.

ही चौकशी केवळ तांत्रिकांचा विषय नव्हे, हे मराठी वाचकाला एका उदाहरणावरून पटेल. चित्रांवर अक्षरे उमटवण्यासाठी जगभर वापरली जाणारी इमेजमॅजिक ही आज्ञावली मूळ संहितेवरून बांधताना 'रॅक्म' नावाचा एक घटक तीत घ्यावा की न घ्यावा, हे बांधणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. रोमन लिपीपुरते पाहणाऱ्याला तो न घेतल्याने काहीच बिघडलेले दिसत नाही. परंतु त्याच आज्ञावलीने देवनागरी मजकूर उमटवावयास गेले, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. लग्नपत्रिकांवर आणि फलकांवर असली भग्न देवनागरी दिसली, म्हणजे आपण टाइपाला दोष देतो. पुष्कळदा दोष बांधणीच्या वेळी दिल्या गेलेल्या एका नकाराचा असतो. तयार आज्ञावली स्वीकारणाऱ्याला तो नकार फिरवता येत नाही, मूळ संहितेवरून बांधणाऱ्याला येतो.

आता एक आज्ञावली बांधणे निराळे आणि तिच्यासाठी लागणारे वीस घटक, त्या प्रत्येकासाठी लागणारे आणखी पाच, असा सारा गोतावळा हाताने जमवणे निराळे. येथे पॅकेज-सोर्स या योजनेकडे येणे भाग आहे. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम नाना जातींच्या यंत्रांवर चालावी हे तिच्या कर्त्यांचे ब्रीद. त्यांच्यापैकी अ‍ॅलिस्टर क्रुक्स आणि ह्युबर्ट फायरर यांनी 1997 साली फ्रीबीएसडीच्या 'पोर्ट्‌स' या संग्रहावरून पॅकेज-सोर्सचे काम सुरू केले, आणि पुढे ते नेटबीएसडीपुरते न राहता लिनक्स, मॅकओएस, स्मार्टओएस अशा परस्परांहून भिन्न प्रणालींवर चालू लागले. आज या संग्रहात वीस हजारांहून अधिक आज्ञावलींची तजवीज आहे. तजवीज म्हणण्याचे कारण असे, की संग्रहात त्या आज्ञावलींच्या संहिता नसतातच. प्रत्येकीसाठी एक लहानशी निर्देशिका असते, तीत एक मेकफाइल, संहितेत करावयाच्या दुरुस्त्या, बसवल्या जाणाऱ्या फायलींची यादी आणि 'डिस्टइन्फो' नावाचा एक पडताळ्याचा कागद. वापरकर्त्याने त्या निर्देशिकेत जाऊन मेकची एक आज्ञा दिली, की संहिता तिच्या मूळ ठिकाणाहून आणली जाते, तिचा आकार आणि अंकमुद्रा डिस्टइन्फोशी ताडून पाहिली जाते, दुरुस्त्या लागू होतात, चौकशी होते, रूपांतर होते, आणि मध्ये एखादा घटक उणा आढळला तर हेच सारे सोपस्कार आधी त्याच्यासाठी पार पडतात.

या योजनेतील तीन गोष्टी मला विशेष लक्षणीय वाटतात. तिला प्रारंभी फारसे काही लागत नाही: एक कंपायलर आणि साधी आज्ञालिपी चालवण्याची सोय असली, की 'बूटस्ट्रॅप' नावाची लिपी मेकसह लागणारी बाकीची अवजारे स्वतः बांधून घेते, आणि यंत्राच्या व्यवस्थापकाची परवानगी नसेल तर सर्व बाडबिस्तरा वापरकर्त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेतच मांडते, ज्यायोगे विद्यापीठाच्या सामायिक यंत्रावरील विद्यार्थ्यालाही कोणाकडे अर्ज न करता काम साधता येते. दुसरे, बांधणी चालू असताना, या योजनेने पूर्वी बसवलेल्या पण मेकफाइलीत ज्यांची नोंद नाही अशा घटकांवर पडदा टाकला जातो, म्हणजे एखादी आज्ञावली योगायोगाने तेथे पडलेल्या घटकावर गुपचूप विसंबून राहत नाही आणि दुसऱ्याच्या यंत्रावर तोंडघशी पडत नाही. तिसरे, परवाना मुक्त नसेल तर बांधणी थांबते, आणि तो परवाना मान्य असल्याचे वापरकर्त्याने आपल्या हाताने लिहून दिल्यावरच पुढे सरकते. यांपैकी दुसरी तरतूद मी सर्वांत मोलाची मानीन.

हे सारे फुकट पडत नाही. आजचा एखादा वेब-ब्राउझर साधारण यंत्रावर मूळ संहितेवरून बांधावयाचा तर कित्येक तास जातात, आणि ज्याला केवळ पत्र लिहावयाचे आहे त्याने एवढा खटाटोप करावा असे कोणी शहाणा सांगणार नाही. पॅकेज-सोर्सही म्हणूनच एकदा बांधलेली आज्ञावली गाठोडे करून इतर यंत्रांना देण्याची सोय ठेवते.

याहून गंभीर आक्षेप विश्वासाचा आहे. संहिता आपणच बांधली म्हणून ती निर्धोक, हा समज केन टॉम्पसन यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानातच मोडीत काढला होता, कारण खोट कंपायलरमध्येच दडवली असेल तर संहिता कितीही वेळा वाचली तरी ती दिसत नाही. मार्च 2024 मध्ये त्या इशाऱ्याची प्रचिती दुसऱ्याच वाटेने आली. फायली संकुचित करणाऱ्या एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत, टोपणनावाने वावरून वर्षानुवर्षे विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याने चोरदरवाजा पेरला होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढ्या क्षुल्लक विलंबाने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या मनात शंका आली आणि त्यांनी तो उघडकीस आणला. लक्षात घेण्याजोगे हे, की विषाचे मुख्य भांडार चाचणीच्या फायलींत दडवले होते, पण ते कार्यान्वित करणारी कळ सर्वांना दिसणाऱ्या संहितेच्या संग्रहात नव्हतीच. वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यातील कॉन्फिगर-सामग्रीत तेवढी ती घातली होती, आणि लिनक्सच्या दोन प्रमुख पद्धतींनी पॅकेज बांधले जात असेल तरच ती जागी होई. हजारो ओळींच्या त्या चौकशीत चार ओळी अधिक असल्याचे कोणाच्या दृष्टीस पडणार? डिस्टइन्फोसारख्या पडताळ्यानेही येथे काही साधले नसते, कारण तो कागद गाठोडे मधल्या वाटेत बदलले नाही एवढीच हमी देतो.

यावर जो उपाय चालू आहे त्याचे सूत्र असे, की दोन निरनिराळ्या माणसांनी दोन निरनिराळ्या यंत्रांवर एकाच संहितेवरून बांधणी केली, तर निष्पन्न होणारी फाइल शेवटच्या बिटापर्यंत एकच असावी. तशी ती झाली, तर कोणाही त्रयस्थाला तयार आज्ञावली तिच्या जाहीर संहितेशी ताडून पाहता येते. डेबियन प्रकल्पाने 2013 पासून हे काम हाती घेतले, आणि त्यात अनपेक्षित अडथळा ठरली ती बांधणीची तारीख, जी असंख्य साधने तयार फाइलीच्या पोटात आपोआप टिपून ठेवतात आणि जिच्यामुळे सोमवारची बांधणी मंगळवारच्या बांधणीशी जुळत नाही. म्हणून 'सोर्स डेट इपॉक' नावाचे एक चल ठरवून घेण्यात आले, आणि त्यात दिलेली तारीखच सर्व साधनांनी आजची म्हणून मान्य करावी असा संकेत रूढ करण्यात आला. नेटबीएसडीने आपली संपूर्ण प्रणाली अशा रीतीने बांधता येत असल्याचे फेब्रुवारी 2017 मध्ये जाहीर केले.